ट्रायल रूमच्या दारातील इंग्रजी
कापड दुकानदार, शिंपी व रेडीमेडवाल्या बांधवांसाठी एक धडा

कात्री लावण्यापूर्वी माप पुन्हा घे, हे आपल्या धंद्यात उस्ताद पहिल्याच दिवशी सांगतो. गिऱ्हाइकाचा शब्दही तसाच पुन्हा मापून घ्यावा लागतो, हे मात्र कोणी सांगत नाही. आम्ही ते नुकसान सोसून शिकलो. म्हणून आज भावांची चढउतार किंवा सुताची टंचाई बाजूला ठेवून दुकानात कपडा अंगावर घालून पाहताना जे इंग्रजी शब्द कानावर पडतात, त्यांचा एक धडा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे दुकान बोरीवली पश्चिमेला, स्टेशनाकडून लोकमान्य टिळक रस्त्याने बाजारात शिरल्यावर एका गल्लीत आहे. माल मंगलदास मार्केटमधून व भिवंडीहून येतो. गिऱ्हाईक मराठी, गुजराती, आणि मंडपेश्वरकडील आय. सी. कॉलनीतील ख्रिस्ती कुटुंबांतले. या शेवटच्या गिऱ्हाइकाच्या घरात पुष्कळदा इंग्रजीच बोलली जाते. नाताळापूर्वी आणि लग्नसराईत फ्रॉक, गाऊन व सूट यांचे काम त्यांच्याकडून मोठे निघते.

आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. आमच्या वेळी इंग्रजीची एबीसीडी पाचवीत सुरू होई. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात २००० सालापासून आली. आमच्या पुस्तकात कोल्हा होता, द्राक्षे होती. पण कंबर सैल करायची असेल तर गिऱ्हाईक काय म्हणेल, हे त्यात कुठेच नव्हते.

एका इंचाची गोष्ट

१९९६ चा डिसेंबर. आम्ही वडिलांच्या हाताखाली गल्ल्यावर बसत होतो. आय. सी. कॉलनीतील एक बाई बहिणीच्या लग्नासाठी शिवायला टाकलेला फ्रॉक घालून पाहायला आल्या. पडद्याआडून बाहेर येऊन त्या भराभर इंग्रजीत काही बोलल्या. आम्हाला निम्मे कळले नाही, पण तसे सांगायची लाज वाटली. म्हणून कागद-पेन्सिल पुढे सरकवली. त्यांनी लिहिले : 'लेट आउट वन इंच ॲट द वेस्ट.'

आमचे कारागीर वयाने वडीलधारे. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. त्यांनी विचारले, "बेटा, क्या लिखा है?" आम्ही विचार केला, आउट म्हणजे बाहेर, वेस्ट म्हणजे कंबर. उत्तर दिले, "कमर से एक इंच निकालना है." चाचांनी इमानदारीने कंबर एक इंच आत घेतली, उरलेली माया कापली आणि कड इंटरलॉक करून फ्रॉक इस्त्रीला दिला.

'लेट आउट' याचा अर्थ नेमका उलटा होता. शिवण उसवून, आतली माया सोडून कंबर एक इंच सैल करा, असे त्या बाईंना हवे होते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्या आल्या तेव्हा फ्रॉक पूर्वीपेक्षा घट्ट झालेला आणि सोडायला आत माया उरलेली नाही. वडिलांनी कापडाचे व शिलाईचे पैसे परत केले. त्यांनी ते घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "यू शुड हॅव आस्क्ड मी." तुम्ही मला विचारायला हवे होते.

त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या नात्यातले येत होते, तेही थांबले. चाचांनी सांगितले तेच केले होते. चूक आमची होती, आणि ती इंग्रजी न येण्याची नव्हती; न समजलेली चिठ्ठी समजल्यासारखी आत पाठवण्याची होती.

दुरुस्तीचे चार शब्द

कारागीर बांधवांनी सर्वांत आधी हे चार शब्द पाठ करावेत. ते चुकले तर कापड परत येत नाही.

टेक इन : शिवण आत घेणे, कपडा घट्ट करणे.
लेट आउट : माया सोडून कपडा सैल करणे.
टेक अप, किंवा शॉर्टन : खालची मोड वर घेणे, लांबी कमी करणे.
लेट डाऊन, किंवा लेंग्दन : मोड उसवून लांबी वाढवणे.

पहिली जोडी रुंदीची, दुसरी लांबीची. 'लेट' आले की माया सोडायची, 'टेक' आले की कपडा कमी करायचा, एवढे ध्यानात राहिले तरी पुरे. या सर्व कामाला मिळून 'ऑल्टरेशन' म्हणतात. मोडीला 'हेम', शिवणीला 'सीम', अस्तराला 'लायनिंग', बाहीला 'स्लीव्ह', मुंढ्याला 'आर्महोल', काजाला 'बटनहोल' आणि टक्सला 'डार्ट'. या वस्तूंवर आपला हात रोज फिरतो. फक्त त्यांचे दुसरे नाव शिकायचे आहे.

घालून पाहणे

अंगावर घालून पाहण्याला 'ट्राय ऑन' म्हणतात. गिऱ्हाईक विचारते, "कॅन आय ट्राय धिस ऑन?" उत्तर : "शुअर. द ट्रायल रूम इज ऑन युवर लेफ्ट." नुसते 'ट्राय' म्हणजे प्रयत्न करणे, 'ऑन' लागले की अंगावर घालणे.

'ट्रायल रूम' हा शब्द आपल्या देशात सर्वांना कळतो. इंग्लंडमध्ये मात्र त्या खोलीला 'फिटिंग रूम' किंवा 'चेंजिंग रूम' म्हणतात. तिकडे नुसते 'ट्रायल' म्हटले की लोकांना कोर्टातला खटला आठवतो. आपली पाटी बदलण्याचे कारण नाही. पण परदेशातून सुट्टीवर आलेला पाहुणा 'फिटिंग रूम कुठे आहे' असे विचारू लागला तर त्याला शिलाईच्या मशिनीकडे पाठवू नये.

फिट, सूट आणि मॅच

या तीन शब्दांत आपले लोक सर्वांत जास्त गोंधळतात. 'फिट' म्हणजे मापाला बसणे. 'सूट' म्हणजे माणसाला शोभणे. 'मॅच' म्हणजे एका कपड्याचा दुसऱ्याशी मेळ बसणे. "इट फिट्स मी, बट इट डझन्ट सूट मी" असे बाई म्हणाल्या तर माप बरोबर आहे, पण रंग किंवा घडण त्यांना शोभत नाही. अशा वेळी टेप काढून 'कमी करून देतो' म्हणणे व्यर्थ आहे. दुसरा रंग पुढे करावा : "वुड यू लाइक टु सी अनदर कलर?"

'सूट' या शब्दाची आणखी एक गंमत आहे. मराठीत सूट म्हणजे किमतीतील सवलत, कोट-पँटची जोडी हाही सूट, आणि इंग्रजीत शोभणे हेही सूट. आमच्या दुकानातील एका नव्या पोऱ्याने "डझ इट सूट मी?" असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला "टेन पर्सेंट" असे उत्तर दिले होते. गिऱ्हाईक हसले आणि सवलत घेऊन गेले.

घट्ट आणि सैल

घट्ट म्हणजे 'टाइट', सैल म्हणजे 'लूस'. 'लूस' या शब्दाच्या शेवटी स आहे. शेवटी झ केला की तो 'लूझ', म्हणजे हरवणे किंवा गमावणे. उर्दू जाणणाऱ्यांनी एकात सीन आणि दुसऱ्यात झे धरावा. लिहिताना सैलला दोन ओ, हरवण्याला एक ओ. बाजारातील कित्येक पाट्यांवर एक ओ गळाल्यामुळे सैल पँट हरवलेली पँट झालेली आम्ही पाहिली आहे.

जागा दाखवायला 'ॲट' किंवा 'अराउंड' लावतात. "टाइट ॲट द शोल्डर्स" म्हणजे खांद्यात घट्ट. "लूस अराउंड द वेस्ट" म्हणजे कमरेत सैल. यातला 'वेस्ट' कमरेचा. 'वेस्ट'सारखाच ऐकू येणारा 'व्हेस्ट' हा वेगळा शब्द आहे, त्याचा खुलासा पुढे येईल.

येथे अदबीची एक गोष्ट. जाड गिऱ्हाइकाला "यू आर फॅट, टेक एक्सएल" असे कधीही म्हणू नये. अर्थ खरा असला तरी तो अपमान आहे. म्हणावे, "शॅल आय गेट यू वन साइज अप?" लहान हवे असेल तर "वन साइज डाऊन". दोष कपड्याच्या मापावर जावा, माणसाच्या अंगावर जाऊ नये.

साइजचा घोळ

एस, एम, एल, एक्सएल म्हणजे स्मॉल, मीडियम, लार्ज, एक्स्ट्रा लार्ज, हे सर्वांना ठाऊक आहे. घोळ आकड्यांत होतो. पँटवरचा ३२ किंवा ३४ हा कमरेचा इंचातला आकडा. शर्टावरचा आकडा मात्र दोन प्रकारचा असतो. काही कारखानदार छातीचे इंच लिहितात. फॉर्मल शर्ट बनवणारे पुष्कळजण गळपट्टीचे सेंटिमीटर लिहितात. ३९ नंबरचा शर्ट म्हणजे सुमारे साडेपंधरा इंचांची कॉलर. म्हणून "माय साइज इज फॉर्टी" असे ऐकले की लगेच डबा काढू नये. विचारावे, "चेस्ट ऑर कॉलर?"

प्रत्येक कंपनीचे मापही एकसारखे नाही. भारतीय अंगयष्टीसाठी एकच मापपद्धत ठरावी म्हणून केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय व निफ्ट यांनी 'इंडिया साइज' नावाची पाहणी हाती घेतली. तिच्यात देशातील सहा शहरांत यंत्राने लोकांची मापे घेण्याचे ठरले. मुंबई त्यांपैकी एक. तोपर्यंत इंचटेप हाच आपला खरा साक्षीदार. "मे आय मेझर?" असे विचारून टेप लावावा. बाईंचे माप बाईनेच घ्यावे, किंवा त्यांच्या जुन्या कपड्यावरून घ्यावे.

एकच शब्द, दोन देश

बोरीवलीतल्या पुष्कळ घरांची मुले आता लंडन, न्यू जर्सी किंवा आखातात आहेत आणि सुट्टीत खरेदी येथे करतात. त्यांच्याशी बोलताना काही शब्द सांभाळावेत. 'पँट्स' म्हणजे अमेरिकेत आपल्यासारखीच पँट, पण इंग्लंडमध्ये आतली चड्डी. तेथे पँटला 'ट्राउझर्स' म्हणतात. 'व्हेस्ट' म्हणजे इंग्लंडमध्ये आतला बनियन, अमेरिकेत बिनबाह्यांचे जाकीट. आपण ज्याला 'चेन' म्हणतो ती इंग्लंडमध्ये 'झिप' आणि अमेरिकेत 'झिपर'. इंग्रजी 'चेन' ही गळ्यातली किंवा सायकलची.

खोट सांगण्याचे शब्द

डाग म्हणजे 'स्टेन', फाटलेले म्हणजे 'टोर्न', भोक म्हणजे 'होल', गळालेले बटण 'मिसिंग बटन'. रंग जाणे म्हणजे 'द कलर रन्स'. उन्हाने किंवा धुण्याने फिका पडणे म्हणजे 'फेड'. आटणे म्हणजे 'श्रिंक'.

शेवटचा शब्द नीट समजून घ्यावा. सुती कापड विणताना व रंगवताना ओढले गेलेले असते. पाण्यात पडले की धागा मूळ लांबीवर येतो आणि कापड आटते. सॅनफर्ड क्लूएट या अमेरिकन गृहस्थांनी १९३० साली पेटंट घेतलेल्या पद्धतीत कापड यंत्रात आधीच आटवून घेतात. त्यांच्याच नावावरून 'सॅनफराइज्ड' हा शब्द आला. ठाणावर तो शब्द असेल तर गिऱ्हाइकाला भरवसा द्यावा. नसेल तर खरे सांगावे : "धिस मे श्रिंक आफ्टर द फर्स्ट वॉश." एवढ्या वाक्याने एक विक्री जाईल, पण गिऱ्हाईक राहील.

बिलावरचे शब्द

'एक्स्चेंज' म्हणजे कपड्याबदली कपडा. 'रिटर्न' म्हणजे माल परत करणे. 'रिफंड' म्हणजे पैसे परत. 'क्रेडिट नोट' म्हणजे तेवढ्या रकमेची पुढच्या खरेदीची चिठ्ठी. गिऱ्हाईक 'रिफंड' म्हणत असताना आपण 'येस, येस' म्हणायचे आणि मग क्रेडिट नोट हातात ठेवायची, यातून भांडणे होतात.

आपल्यातले पुष्कळजण बिलाच्या तळाशी 'नो एक्स्चेंज, नो रिफंड' छापून निश्चिंत होतात. हे धोक्याचे आहे. १९८६ च्या कायद्याच्या जागी आलेला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिल न देणे हेही त्याच यादीत आहे. ध्यानात घ्यावे की ही गोष्ट सदोष मालाची आहे. रंग घरी गेल्यावर आवडला नाही, तर बदलून द्यायचे की नाही हे आपल्या दुकानाच्या नियमावर आहे. तो नियम विकण्यापूर्वी तोंडी सांगावा : "यू कॅन एक्स्चेंज इट विदिन सेव्हन डेज, विथ द बिल."

पडदा आणि कडी

ट्रायल रूमची भाषा चांगली असून भागत नाही. खोलीही भरवशाची हवी. २०१५ च्या एप्रिलमध्ये गोव्यात कांदोळी येथील एका कपड्यांच्या दुकानात, ट्रायल रूमच्या बाजूला कॅमेरा रोखलेला असल्याची तक्रार तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांनी केली आणि देशभर गाजावाजा झाला. कपडे बदलणाऱ्या स्त्रीला चोरून पाहणे किंवा तिचे चित्र घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि पहिल्या दोषसिद्धीलाही किमान एक वर्षाची कैद आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. चोरीच्या भीतीने दुकानात कॅमेरा लावायचा असेल तर तो गल्ल्याकडे लावावा, खोलीकडे त्याचे तोंड नसावे. आतून कडी असावी, पडदा जमिनीपर्यंत असावा. कोणी आत असेल तर बाहेरून विचारावे, "इज एनीवन इन?" आपल्या आयाबहिणी जेथे निर्धास्त कपडे बदलू शकतील, अशीच ती खोली असावी.

हे शब्द परके नाहीत

इंग्रजीचे नाव निघाले की आपला माणूस आधीच खांदे पाडतो. त्याने एवढे जाणावे की कपड्यांच्या इंग्रजीत आपल्याच बाजाराचा माल भरलेला आहे. इंग्रजांचा 'पजामाज' हा आपला पायजामा : फारसी पाय अधिक जामा. 'खाकी' हा खाक म्हणजे धूळ यावरून. 'शॉल' ही आपली शाल, 'कमरबंड' हा कमरबंद. 'कॉटन' हा अरबी कुत्नवरून आला. 'मस्लिन' मोसुल शहरावरून. आणि जगभर कामगार घालतात ती 'डंगरी', तिचे नाव आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून पडल्याचे मानले जाते. ज्या भाषेने आपल्याकडून इतके उधार घेतले, तिच्याकडून चाळीस-पन्नास शब्द घ्यायला संकोच कसला?

सराव

रात्री दुकान वाढवल्यावर एकाने गिऱ्हाईक व्हावे, एकाने दुकानदार, आणि हे मोठ्याने बोलावे.

"कॅन आय ट्राय धिस ऑन?" — हे घालून पाहू का?
"शुअर. व्हॉट साइज डू यू वेअर?" — जरूर. कोणती साइज घालता?
"मीडियम." — मीडियम.
"हाऊ इज इट?" — कसे झाले?
"इट्स अ बिट टाइट अराउंड द वेस्ट." — कमरेत जरा घट्ट आहे.
"वी कॅन लेट इट आउट. कुड यू शो मी हाऊ मच?" — सैल करून देतो. किती, ते दाखवाल का?
"हाफ अन इंच." — अर्धा इंच.
"सो, हाफ अन इंच लूसर. इज दॅट राइट?" — म्हणजे अर्धा इंच सैल. बरोबर ना?

रोज पाच शब्द एका वहीत आपल्याला येत असलेल्या लिपीत, उर्दूत किंवा मराठीत, लिहून घ्यावेत. शर्टाच्या डब्यातला पुठ्ठाही त्याला चालतो. दहा-बारा दिवसांत या धड्यातले कामाचे बहुतेक शब्द येतील. घरात इंग्रजी शाळेत जाणारी मुलगी असेल तर उच्चार तिच्याकडून तपासून घ्यावेत. आम्ही आमच्या मुलीकडून शिकलो. त्यात कमीपणा नाही.

वरच्या सरावातली शेवटची दोन वाक्ये, 'कुड यू शो मी?' आणि 'इज दॅट राइट?', आम्ही आता दुकानातल्या प्रत्येक पोऱ्याला पहिल्याच दिवशी शिकवतो. बाकीचे शब्द विसरले तरी चालतील. ही दोन वाक्ये त्या डिसेंबरात आम्हाला येत असती, आणि ती उच्चारायची लाज नसती, तर चाचांची कात्री त्या फ्रॉकला लागली नसती.